सोपानशेठांचे खालचे दात

सोपानशेठ पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि चावला.

मी हात धुऊन वळले तर हे दृश्य. पेशंटला समजावून सांगायला ठेवलेला तो जबडा, आणि त्याची पुढची बाजू या गृहस्थांच्या तोंडात. त्यांनी तो सावकाश बाहेर काढला, सदऱ्याला पुसला, होता तिथे ठेवला आणि निकाल दिला, "भुसभुशीत हाय माल."

"तो माल नाहीये," मी म्हटलं. "नमुना आहे."

"म्हंजे वानगी. वानगीच आशी आसंल तर आतला माल कसा आसंल, डॉक्टरीनबाई?"

मी पुण्यात जन्मले, पुण्यात वाढले, अपमान करणं आणि करून घेणं या दोन्ही गोष्टींची मला सवय आहे. पण दवाखान्यात पाऊल टाकून पुरती दोन मिनिटं झाली नाहीत आणि माणूस तुमचं शास्त्र चावून नापास करतो, हे नवीन होतं.

आधी माझं सांगते. माझा दवाखाना शनिवार पेठेत आहे आणि मी हिरड्यांची डॉक्टर आहे. "हिरड्यांचा वेगळा डॉक्टर असतो?" हा प्रश्न मला लोक ज्या सुरात विचारतात, त्या सुरात भुरट्या चोराला पत्ता विचारतात. या शहरात दाताला मान आहे. दात दुखला तर माणूस सुट्टी टाकतो, गाल धरून बसतो, घरातले मऊ भात करून देतात. हिरडीला कोण विचारतो? रोज सकाळी बोटातून रक्त आलं असतं तर या लोकांनी अख्खं घर डोक्यावर घेतलं असतं. हिरडीतून आलं की चूळ भरतात आणि ऑफिसला जातात. "रक्त येतं हो, पण दुखत नाही ना!" असं वर मलाच समजावतात. दुखत नाही म्हणूनच तर दात हातात येईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही, असं मी सांगते. मग ते घड्याळ बघतात.

तर या सगळ्या अडाण्यांचे शिरोमणी म्हणजे सोपानशेठ.

मार्केट यार्डात त्यांचा धान्याचा गाळा. मूळचे विश्रांतवाडीकडचे शेतकरी. शेतावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एकीत हे राहतात. लग्न केलं नाही. थोरला भाऊ अकाली गेला, त्याचे दोन मुलगे यांनी वाढवले, शिकवले, गाळ्यावर बसवले. आता खरेदी, विक्री, हिशोब, फोन सगळं ते दोघे पुतणेच बघायचे. सोपानशेठांकडे एकच काम होतं. बाहेरगावचा माल आला की हमाल पोत्यातून मूठभर दाणे काढून आणायचा. त्याला ते लोक वानगी म्हणतात. सोपानशेठ त्यातला एक दाणा खालच्या पुढच्या दातांवर ठेवायचे आणि चावायचे. कट्ट वाजला तर माल सुका. दबला तर ओला. सोपानशेठ "हूं" म्हणाले की पोती उतरायची, "न्हाई" म्हणाले की ट्रक परत.

एवढ्यावर थांबतील तर शपथ. ज्यावर दात टेकेल ती प्रत्येक गोष्ट हा माणूस चावून बघायचा. मी लिहून दिलेली गोळी गिळायच्या आधी अर्धी चावली आणि "कडू हाय, पन कोरडी हाय," असं प्रशस्तिपत्र दिलं. नवा ब्रश दिला तर त्याची दांडी चावली. एकदा सुनंदाने, म्हणजे माझ्या मदतनीस बाईंनी, त्यांना थांबायला सांगून बाहेर बसवलं, तर टेबलावरच्या फुलदाणीतलं प्लॅस्टिकचं पान दातांखाली घालून बसले होते. माणसांचीही हीच तऱ्हा. माणसांना चावता येत नाही म्हणून केवळ नजरेने भागवायचे. मी म्हणजे "नवी आवक, आजून वाळायची हाय." सुनंदा म्हणजे "जुना आंबेमोहोर." सुनंदा त्या दिवसापासून त्यांना आधी आत सोडायला लागली.

आणि ज्या दातांच्या जिवावर हा सगळा तोरा, त्यांची अवस्था बघितली मी पहिल्याच दिवशी. देवा! चाळीसेक वर्षं सकाळ-संध्याकाळ तंबाखूची मिश्री घासलेली. हिरड्या काळपट, सुजलेल्या, बोट लावलं की रक्त. दातांवर दगड चढलेला. लाळेतला चुना आणि घाण बसून बसून होतो तो, साध्या ब्रशने निघत नाही. हिरडी आणि दात यांच्यामध्ये फट पडलेली, माझी मोजायची सळई आत जात गेली, जात गेली. खालचे पुढचे दात जिभेने ढकलले तरी हलत होते. याला लोक पायोरिया म्हणतात आणि वासाचा आजार समजतात. वास ही फार पुढची गोष्ट झाली. आतलं हाड झिजतं, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

मी हे सगळं नीट सांगितलं. आधी वरचा दगड काढू, मग हिरडीच्या आतून साफ करू, मिश्री आजपासून बंद, साखर तपासून घ्या.

सोपानशेठ हसले. "डॉक्टरीनबाई, त्या दगडानंच दात धरल्यात. दगड काढला की भिताड पडंल."

हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही उत्तर देईन. अहो, त्या दगडानेच भिंत खाल्ली! दगड काढल्यावर दात हलतो असं वाटतं, कारण तो आधीच हलत होता, दगडाने फक्त झाकलं होतं. मी चित्र काढून दाखवलं. एक्स-रे दाखवला. त्यांनी एक्स-रे हातात घेतला, कोपरा तोंडाकडे नेला, मी हिसकावून घेतला.

"बरं," शेवटी ते म्हणाले, "येका बाजूचा काढा. वानगी म्हनून."

काढला. टवका निघून ट्रेमध्ये पडला, चांगला तुरीएवढा. सोपानशेठ उठून बसले, बोटाने तो उचलला आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत चावला. स्वतःच्या दातावरची वर्षानुवर्षांची घाण, स्वतःच्याच दाताने! सुनंदा तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

"खडा हाय," सोपानशेठ गंभीरपणे म्हणाले. "निवडून टाकायलाच पायजे." मला वाटलं, चला, पटलं एकदाचं. दुसऱ्या बाजूसाठी मी पुढची वेळ दिली, आणि गृहस्थ गायब.

ते उगवले हिरडीला गळू झाल्यावर. गाल टम्म. मधल्या काळात लवंग, तुरटी, कुणी सांगितलेला पेरूचा पाला, सगळं झालेलं. मिश्री चालूच. मी गळू मोकळं केलं, तोंडाला येईल ते बोलले. "तुम्हाला डॉक्टर कशाला हवा? धान्याच्या गोणीत तोंड घालून बसा," इथपर्यंत गेले. ते मान डोलावत राहिले. भूल उतरल्यावर म्हणाले, "आवाज चांगला हाय तुमचा. लिलावाला शोभंल." आणि पुन्हा गायब.

मी त्यांचा नाद सोडला होता. पण उन्हाळ्यात आमच्या सासूबाईंना वर्षाचे गहू भरायचे होते आणि त्यांना दुकानातली पिशवी चालत नाही. म्हणून मी मार्केट यार्डात गेले, आणि गेलेच आहे तर बघू म्हणून सोपानशेठांच्या गाळ्यावर गेले.

ट्रक उभा होता. ट्रकवाला, माल घेऊन आलेला माणूस, हमाल, दोघे पुतणे, सगळे गादीभोवती. गादीवर सोपानशेठ, टोपी सरळ, डोळे मिटलेले. दवाखान्यातला तो आगाऊ म्हातारा हाच यावर माझा विश्वास बसेना. दाणा दातांवर ठेवला तसे सगळे बोलायचे थांबले. इतक्या गोंगाटात तेवढीच जागा शांत. आवाज मात्र आला नाही. त्यांनी दुसरा दाणा घेतला, बोटाने दात दाबून धरून चावला, तोंड वेडंवाकडं झालं, आणि मग "हूं." पोती उतरायला लागली. त्यांनी दाण्याचा चोथा बाजूच्या डब्यात थुंकला. मी वाकून बघितलं. लालभडक.

"सोपानशेठ, हे रक्त आहे!"

"लाल गहू हाय," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की गहू वगैरे विसरले. गाळ्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की हे दात चार-सहा महिन्यांत हातात येतील, मग कवळी बसवा आणि बसा. पुतणे खाली बघत होते. सोपानशेठांनी त्यांना चहा सांगायला पाठवलं आणि ते लांब गेल्यावर मला म्हणाले, "कवळीला दाना कळतो व्हय?"

नाही कळत. खरं तेच मी सांगितलं. दाताच्या मुळाशी जी जाण असते ती कवळीला कुठून येणार?

"मंग ह्ये दात गेले तर मी हितं बसून काय करू?" टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "हिशोब मला येत न्हाई. फोनवर बोलाया येत न्हाई. पोरं चांगली हाईत, बस म्हनतील. पन नुसतं बसायचं? दोन वेळचा चहा प्यायचा आन् पोरांच्या तोंडाकडं बघायचं? दान्यासाठी तरी मला कुनी इचारतंय, बाई."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

"भ्या वाटतं," ते म्हणाले. "तुमी काडून टाका म्हनाल म्हनून."

या प्रकारचं अडाणीपण मला सगळ्यात जास्त चीड आणतं. जे जाईल म्हणून जीव घाबरा झालाय, ते वाचवायलाच जायचं नाही! मी म्हटलं, "उद्या सकाळी या. नाही आलात तर मी परत इथे येऊन ओरडेन." 

आले. आणि मग जे आले ते येतच राहिले. मिश्री सुटताना त्यांनी आठवडाभर आम्हाला छळलं. हात थरथरतो, शौचाला होत नाही, जगात चव राहिली नाही, सगळ्याचं खापर माझ्यावर. साखर वाढलेली निघाली, त्याचंही खापर माझ्यावर. एकेक बाजू घेऊन मी हिरडीच्या आतून सगळं खरवडून काढलं. खालच्या दातांपाशी हिरडी उघडून साफ करावी लागली, टाके घातले. दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक ब्रश शिकवताना मात्र मी हरायच्या बेतात होते. हे गृहस्थ तो ब्रश कान कोरल्यासारखा फिरवायचे. सुनंदाने आरशासमोर उभं करून, हात धरून शिकवलं, तेव्हा जमलं. शेवटी हलणारे दात आतल्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधून टाकले.

बांधल्यावर प्रश्न आला दाण्याचा. मी म्हटलं, "तार सुटेल. दाणे चावायचे नाहीत."

सोपानशेठांनी छातीवरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखालून माझी बोटं धरायला गेले. बाजारात पूर्वी असाच भाव ठरायचा म्हणे, रुमालाखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. मग एकदम हात मागे घेतला. "बाईमानूस हाय. ऱ्हाऊ द्या, तोंडानं बोला. किती दाने?"

"एकही नाही."

"पन्नास."

"अहो, मी काय भाजी विकतेय का?"

अर्धा तास गेला. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी ठरलं ते असं, की जखम पूर्ण भरल्यावर, गहू अजिबात नाही, फक्त तांदूळ, आणि रोज दहा दाणे. दहा म्हणजे दहा. हिरड्यांच्या इतिहासात असा सौदा दुसऱ्या कुणी केला नसेल. पण चांगली भरली ती जखम. हिरडी घट्ट बसली, गुलाबी दिसायला लागली. एका तपासणीला मी खिशातून तांदळाचा दाणा काढून दिला. त्यांनी तो दातांवर ठेवला. कट्ट. दवाखानाभर ऐकू आला. या माणसाचा चेहरा तेव्हा असा फुलला, की क्षणभर मीच त्यांचं तोंड बघत राहिले.

"वाजला," ते म्हणाले. "डॉक्टरीनबाई, वाळलात तुमी."

ही माझ्या बाबतीत शाबासकी होती हे मला जरा उशिरा कळलं.

त्यानंतर महिन्याभराने त्यांचा थोरला पुतण्या महेश आला. दाढेत खाताना अन्न अडकत होतं. मी बघितलं, भरून दिलं. तो उठला, पण गेला नाही. दारापाशी घुटमळला.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "काकांचं दाणे चावणं कायमचं बंद केलंत ते फार बरं केलंत."

माझ्या हातात कापसाचा बोळा होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे त्यांचं वाईट वाटलं हो," तो घाईने म्हणाला. "पण आमची सुटका झाली. ओलावा मोजायचं मशीन आम्ही कधीच घेतलंय. माल घेणाऱ्यांना आता त्यावरचा आकडाच लागतो. काकांना सांगायची हिंमत होईना. मशीन माळ्यावर पोत्यांच्या मागे ठेवायचो, काका जेवायला गेले की काढायचो. त्यांनी 'हूं' म्हटलेला माल मशीनवर ओला निघाला तर गपचूप परत पाठवायचो, त्यांना कळू न देता. लहानपणी त्यांनीच खांद्यावर बसवून यार्डात फिरवलंय आम्हाला. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार, की काका, आता तुमच्या दाताची गरज नाही?"

"मग?"

"मग महिन्याभरापूर्वी इथून तपासून आले आणि स्वतःच म्हणाले. 'डॉक्टरीनबाईंनी बंदी घातली. लई खडूस बाई हाय, आयकत न्हाई. आता एखादं मशीन-बिशीन आना बाबांनो, माझ्यावर इसंबून ऱ्हाऊ नका.' दुसऱ्या दिवशी मशीन खाली आणून टेबलावर ठेवलं, जणू नवीनच घेतलंय." तो दारातून पुन्हा आत आला. "मॅडम, बंदी खरंच कायमची आहे का? म्हणजे सणावाराला, पूजेच्या दिवशी, मान म्हणून एखादा दाणा?"

आता या मुलाला काय सांगायचं होतं मी? की बंदी मी घातलीच नव्हती? की सोपानशेठांचे दात आत्ता गेल्या वीस वर्षांत नव्हते इतके घट्ट आहेत, आणि दहा दाण्यांसाठी त्यांनी माझं डोकं अर्धा तास खाल्लं होतं?

"कायमची," मी म्हटलं. "अर्धा दाणासुद्धा नाही. सांगा त्यांना, चावलात तर तार काढून घेईन."

"तुम्ही खरंच कडक आहात," महेश म्हणाला आणि गेला.

तीन दिवसांनी सोपानशेठ नेहमीच्या तपासणीला आले. सुनंदाला "आंबेमोहोर" म्हणून झालं, खुर्चीत बसले. मी दिवा ओढला आणि म्हटलं, "महेश आला होता."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माळ्यावर कधी चढलात?"

"तार बांधून गेलो, त्याच हप्त्यात. मांजर व्यालं का बगाया चढलो हुतो." ते वर दिव्याकडे बघत होते. "पोत्यामागं मशीन. वर फडकं टाकलेलं. धूळ न्हवती फडक्यावर. म्हंजे रोजचं वापरात."

"मग भांडला का नाहीत? तुम्ही तर एक्स-रेशी भांडता."

"कशापायी? लपवलं ते माझ्यासाठनंच ना? दोन मोठी बाप्ये, पोरंबाळं झालेली, आन् चोरावानी माळ्यावर चढत्यात, मी जेवाया गेल्यावर." त्यांनी डोळे पुसले, रुमाल परत छातीवर नीट पसरला. "त्यांला सांगायला लावलं आसतं, तर जल्मभर मनाला खात बसली आसती. म्हनून म्या तुमचं नाव घेतलं. तुमाला काय, तुमी तशाबी खडूसच हाय."

"आणि इतका त्रास काढून दात वाचवलेत ते?"

"त्ये बरं झालं," सोपानशेठ म्हणाले. "दात पडून गेले आसते, तर पोरांनी कीव केली आसती. घट्ट दात आसताना सोडलं म्या. आता तेवढंच माझ्याकडं हाय."

मला रडू आलं, आणि तोंडावर मास्क होता हे बरं झालं. त्यांच्या डोळ्यांवर दिव्याचा उजेड होता, त्यांना दिसलं नसावं.

"आ करा," मी जोरात म्हटलं.

त्यांनी आ केला. साफ करण्यासारखं आत काहीच नव्हतं. हिरडी गुलाबी, रक्ताचा टिपूस नाही, फटीफटीतून ब्रश फिरवलेला. माझ्या कुठल्याही शिकल्यासवरल्या पेशंटचं तोंड इतकं स्वच्छ नाही. तरीही मी बराच वेळ, एकेक दात घेऊन, साफ करत राहिले.